बर्फात ठेवलेलं रक्त

उर्सुल सुरेट सूड विसरत नसे. मासळीच्या कारखान्यात मुकादमाने तिच्या मैत्रिणीला सगळ्यांसमोर रडवलं, तेव्हा उर्सुलने भर जुलैत त्याच्या गाडीच्या सीटखाली लॉबस्टरची टरफलं कोंबली. शेवटी त्याने गाडी विकायला काढली. उर्सुल गिऱ्हाइकालाही आधीच वासाचं सांगून आली.

एकतीस वर्षं तिने लॉबस्टर सोलले. पब्निको गावात तिच्याइतका चपळ हात कुणाचा नव्हता. मग एका सकाळी त्या हातातून सुरी पडली. अंगठ्याजवळचं मांस आत गेलं होतं. डॉक्टरांनी नाव सांगायच्या आधीच तिने रोग ओळखला. नसा मरत जातात, मग स्नायू. माणूस मात्र शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. याच रोगात वडिलांची जीभ अडखळू लागली, तेव्हा गावाने त्यांना दारुडा ठरवलं होतं. थोरला भाऊ एदुआरही याच रोगात श्वासाविना गेला.

"बरं होण्याचं सोड," ती धाकट्या भावाला, नॉर्माँला म्हणाली. "मला त्याचा मुडदा बघायचाय."

"कुणाचा?"

"रोगाचा, गाढवा."

हॅलिफॅक्स शहरातल्या डॉ. मॅकाइजॅकबाईंनी तिला वाट दाखवली. मेंदूत काही राखणदार पेशी असतात. या रोगात त्याच नसांवर उलटतात. जिवंत माणसाच्या मेंदूतून त्या काढता येत नाहीत. म्हणून रोग्याच्या रक्तातल्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवून त्यांना तसं रूप द्यायचं आणि त्यांच्यावर पाच नवी औषधं घालून बघायची.

"म्हणजे घरभेदी माझ्याच रक्तातून काढणार आणि विष पाजणार?"

"विष नाही, औषध," बाई म्हणाल्या. "आणि या चाचणीचा तुम्हाला स्वतःला काही उपयोग होणार नाही."

"तुम्ही पाजा हो."

एकच अट होती. रोगाची वाढ थोडी मंदावणाऱ्या गोळ्या सुरू होण्याआधी रक्त द्यायचं.

फेब्रुवारीत गावच्या दवाखान्यात रक्त घेतलं. वादळामुळे प्रयोगशाळेची गाडी आली नाही. नॉर्माँ रक्ताच्या नळ्यांचा डबा घेऊन निघाला. तो लॉबस्टर पकडणारा माणूस. डबा उघडून बघतो तर आत बर्फच नाही! नर्स विसरली असणार. धक्क्यावर थांबून त्याने डबा काठोकाठ बर्फाने भरला आणि साडेतीन तास गाडी हाकली.

संध्याकाळी फोन आला. थंडीने हव्या त्या पेशी नळीलाच चिकटून गेल्या होत्या. हे रक्त खोलीच्या उबेतच ठेवायचं असतं.

"अगं, ताजा माल बर्फातच ठेवतात ना!" नॉर्माँ रडकुंडीला आला.

"मी काय हॅडॉक मासा आहे?"

रक्त देण्याची पुढची पाळी पाच आठवड्यांनी होती. डॉ. मॅकाइजॅक फोनवर स्पष्ट बोलल्या, "थांबू नका. गोळ्या आजच सुरू करा. गेलेलं बळ परत येत नाही."

नॉर्माँने गोळ्यांचं पाकीट तिच्यासमोर ठेवलं. "घे. माझ्या चुकीपायी तू मरू नकोस."

"तुझ्या चुकीपायी नाही. बापाच्या तोंडाला दारूचा वास नव्हता, नॉर्माँ. तरी लोक नाक दाबायचे. मी थांबणार."

तिने पाकीट कपाटात टाकलं. त्या पाच आठवड्यांत उजवा हात गेला. काटा-चमचा धरवेना. नॉर्माँ समोर बसून रापी भरवायचा. बटाट्याचा तो गरम लगदा गिळताना ती त्याला शिव्या द्यायची आणि तो ऐकून घ्यायचा.

दुसऱ्या खेपेला ती स्वतः हॅलिफॅक्सला गेली. रक्त दिलं आणि त्याच दुपारी पहिली गोळी घेतली.

मे महिन्यात बाईंनी तिला बोलावलं. खरं तर एकेकट्या रोग्याचा निकाल सांगायची पद्धत नव्हती. पण उर्सुल रोज फोन करायची.

"चार औषधांनी काही झालं नाही," बाई म्हणाल्या. "पाचव्याने तुमच्या पेशी बदलल्या. ताटलीत तरी."

उर्सुल पुढे झुकली. "मेल्या?"

"नाही. शांत झाल्या. नसांना त्रास देईनाशा झाल्या."

"शांत?" उर्सुलचा चेहरा पडला. "एवढं करून शांत?"

"तेच हवं होतं आम्हाला. पण माणसाला द्यायला अजून वर्षं लागतील. गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तातल्या पेशींवरही ते तपासावं लागेल."

उर्सुलने मान खाली घातली. शेजारी बसलेल्या नॉर्माँला वाटलं, ती रडते आहे. ती रडत नव्हती.

"नॉर्माँ," ती म्हणाली, "माझी बाही वर कर."