नमस्कार न घेणारा साहेब

लातुरात ज्ञानोबा सरांनी चालवलेल्या मुलींच्या होस्टेलची मेस सिंधुकाकूने नऊ वर्षं सांभाळली. तिची मुलाखत झाली होती ती शेगडीपुढे. सर म्हणाले, "पिठलं-भाकरी करून दाखवा," आणि जेवता जेवताच त्यांनी तिला कामावर ठेवलं. यंदा सरांनी होस्टेल एका कंपनीला विकलं आणि कंपनीचं फर्मान आलं: जुन्या माणसांनीही मोबाइलवर मुलाखत द्यायची. पडद्यावर प्रश्न उमटणार, आपण दोन मिनिटांत उत्तर बोलायचं, ते रेकॉर्ड होणार. समोर माणूस नाहीच. नापास झालात तर घरी बसा.

"नऊ वर्सं माझ्या हातचं खाल्लं पोरींनी, त्यांना इचारा की! माझ्याच कामाला माझीच परीक्षा?" काकू फणफणली. पण घरात कमावती ती एकटीच. राग गिळून ती तयारीला लागली.

तयारी घेतली रेक्टर जया मॅडमनी. त्या आठवड्यापूर्वीच पास झाल्या होत्या. "काकू, हसतमुख राहा. 'हाव' नाही, 'हो' म्हणा. 'लई' नको, 'खूप' म्हणा." काकूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिच्या बोलण्याने आजवर कुणाचं पोट दुखलं होतं? तरी चार दिवस ती वरण ढवळत 'हो, खूप' घोकत राहिली.

शनिवारी दुपारी भाजीच्या क्रेटवर मोबाइल उभा केला. जया मॅडम दाराशी थांबल्या. 'स्वतःबद्दल सांगा,' असं पडद्यावर आलं. काकूने पदर नीट केला, हात जोडले, "नमस्कार साहेब" म्हणाली आणि थांबली. साहेबाने नमस्कार घ्यावा, 'बोला बाई' म्हणावं, मग आपण तोंड उघडावं, हेच ती लहानपणापासून शिकलेली. पडद्यावर आकडे उलटे पळत होते. हात जोडलेलेच राहिले आणि दोन मिनिटं संपली.

मग मात्र ती भडकली. जो साधा नमस्कार घेत नाही, त्याला कशाला भ्यायचं?

दुसरा आणि शेवटचा प्रश्न आला: 'तुम्हाला आम्हाला काही विचारायचे आहे का?'

"हाव, हाय की! लई हाय! चौऱ्याऐंशी पोरी हायत हितं. त्यातल्या बुद्धप्रियाला शेंगदाणा चालत न्हाई. गेल्या साली भाजीतून चिमूटभर कूट पोटात गेला, तर तोंड सुजलं, दम कोंडला. आटोत घालून मी दवाखान्यात नेली तिला. हे हाय का तुमच्या कागदात? उद्या माझ्या जागी जी येईल तिला हे कोण..."

पडदा पांढरा झाला. 'वेळ संपली. धन्यवाद.'

"मॅडम, कुणी ऐकलं हे?"

जया मॅडमनी मान खाली घातली. "आधी मशीन ऐकतं म्हणे, काकू. माणूस नंतर. कधीकधी तोही नाही."

काकूने मेनूच्या फळ्याजवळचा मार्कर उचलला आणि मसाल्याच्या मांडणीच्या वर, थेट भिंतीवर, हातभर अक्षरांत लिहिलं: बुद्धप्रियाला कूट घालू नका.

"काकू, भिंत आता कंपनीची आहे. आरडाओरडा करतील."

"करू द्या," काकू म्हणाली. "पुसायला तरी एखादा माणूस पाठवतील."