कोऱ्या नाकाचा शोध

आमच्या आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. पाण्याच्या टाकीमागच्या गवतात तिला सकाळी एक अळंबी सापडली आणि दुपारपर्यंत न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना कळलं, की त्या अळंबीला पेन्सिलीच्या सालपटांचा वास येतो.

अळंबी दिसायला साधी. बोटाएवढी, पांढरट, टोपी मेण चोळल्यासारखी गुळगुळीत. हुबेहूब तशीच, पण बिनवासाची, दुसरी एक अळंबी त्या गवतात पैशाला पासरी उगवते. फरक काय तो वासाचा. आणि आत्या ज्याची सभासद आहे, त्या गावातल्या अळंबी मंडळाचा नियम असा, की वासाची नोंद करायची तर दुसऱ्या कुणीतरी, आधी काहीही न कळता, तोच वास ओळखायला हवा. एकदा कानाने ऐकलं की नाक त्याचीच री ओढतं, असं मंडळाचे प्रमुख म्हणत.

या प्रमुखांनी आत्याच्या आधीच्या तीन 'दुर्मिळ' अळंब्या नापास केल्या होत्या. त्यातली एक तर गोल्फचा चेंडू निघाली. आत्या चित्रकलेची बाई, जन्मभर दुसऱ्यांना मार्क देत आलेली. गेल्या वर्षी निवृत्त झाली आणि तिच्या शब्दाला कुणी विचारेनासं झालं. ते तिला फार लागलं होतं. ही एक नोंद तरी आपल्या नावावर लागावी, एवढंच तिचं मागणं होतं.

"आता कोरं नाक आणू कुठून?" प्रमुख वैतागले. "बाई, तुम्ही मलासुद्धा फोनवर सांगून मोकळ्या झालात!"

आत्या खाली मान घालून उभी. शेवटी मीच म्हणाले, "आतोबा आहेत ना."

"त्यांना तर सगळ्यात आधी सांगितलं असेल."

"सांगितलं," आत्या पुटपुटली. "पण ते माझं ऐकत नाहीत."

संसारभर ज्यावरून भांडली, तेच आता तिला पुरावा म्हणून पुढे करावं लागत होतं. मला हसू आवरेना.

आतोबांना घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून उठवून आणलं. भिंग अजून डोळ्यालाच होतं.

"बाईंनी तुम्हाला या अळंबीबद्दल काही सांगितलंय?" प्रमुखांनी दरडावून विचारलं.

"कसली अळंबी?" आतोबा म्हणाले.

प्रमुख खूश झाले. आत्याने गाल फुगवले.

आतोबा कण्हत-कुंथत गवतात गुडघे टेकून बसले. वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. मग आत्याकडे बघत राहिले.

"बोला, कसला वास आहे?"

"हिचा."

"कुणाचा?"

"हिचा हो. शाळेतून घरी आली की दारातच यायचा. कशाचा ते कधी विचारलं नाही." ते पुन्हा वाकले. "वर्षभरात आला नव्हता."

मग आत्याच अडखळत म्हणाली, "वर्गात दिवसभर पोरांच्या पेन्सिलींना टोक काढायचे मी."

प्रमुखांनी घसा खाकरला, नोंद मंजूर केली आणि उगाचच चष्मा पुसायला घेतला. आत्या तिथेच गवतात बसली आणि आतोबांचा हात घट्ट धरून हमसाहमशी रडायला लागली. आतोबा गोंधळून गेले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "माझ्यामुळे नापास झाली का गं?"