खाऱ्यावर तरंगणारं पाणी

नातवंडं हसतात, आणि हसावंच. बाविशीत मी म्हणजे अकलेचा नुसता उजेड होते. झरी जामणीकडची पोर, गावच्या नदीपलीकडे पाणी न पाहिलेली. नवऱ्याच्या मागं थेट समुद्रातल्या बेटावर, लष्करी छावणीत जाऊन पडले.

छावणी जुनी. कुठल्याशा परक्या फौजेनं बांधलेला सिमेंटचा बुरूज झाडांच्या मुळ्यांनी अर्धा गिळला होता. भिंतीवर न वाचता येणारी अक्षरं, आणि त्याच भिंतीला दोरी बांधून आम्ही बायका धुणं वाळत घालायचो. पहाटे बिगुल, पंधरा दिवसांनी जहाज. भाजी, पत्रं, पिण्याचं पाणी, सगळं त्यावरच. घरटी रोज एक बादली. मला वाटे, चहूकडे पाणी, अन् हे लोक कंजुषी काहून करून राह्यले?

म्हणून एकदा जहाज लांबलेलं असताना मी सकाळीच आख्खी बादली चादरी धुण्यात घातली. दुपारी माझ्या वर्षभराच्या लेकीला जुलाब लागले. डॉक्टरांनी पुड्या दिल्या. "पाण्यात घालून सारखं पाजा." नवरा टेकडीवर पहाऱ्याला. शेजारणीकडं पाणी मागायची लाज वाटली. लेकीला घेऊन किनाऱ्यावर गेले आणि ओहोटीच्या वाळूत खड्डा खणायला बसले. आमच्याकडे उन्हाळ्यात नदी आटली की असंच गोड पाणी काढतात.

छावणीतले म्हातारे सुभेदार धावत आले. "सूनबाई, हे काय?"

"झिरा खणून राह्यली, काका."

"चाखा की."

चाखलं. थू!

ते हसले नाहीत. "पोर सुकलीय. चला."

बराकीमागं केवड्याच्या बनात दगडी विहीर होती, आजाऱ्यांसाठी राखलेली. "पावसाचं पाणी खाऱ्यावर तरंगतंय. जुन्या शिपायांनी हुडकलं. बादली आपटली की खारं वर येतं. सायीसारखं वरवरचं उचला."

मी काठावर पालथी पडले, हातात करवंटी. भरती लागली होती. पाणी दगडावरून बोटभर वर चढलं, थांबलं, पुन्हा चढलं. आख्खा समुद्र त्याला खालून उचलत होता, आणि वरचं गोडच. मी करवंटी अलगद टेकवली.

घरी उकळून, निववून चमचाचमचा पाजत राहिले. दिवेलागणीला लेकीनं माझ्या मांडीवर शू केली, दुपारपासून पहिल्यांदाच. दारातून सुभेदार ओरडले, "लागलं हो पाणी अंगी!" धुतलेली एकुलती एक साडी भिजली, आणि मी वेडी तशीच बसून राहिले. उठवेना.