फुकटचा गजर

माझं गाणं मी जगाला फुकट दिलं, आणि जगातून ते घ्यायला सगळ्यात आधी आला तो माझा प्रतिस्पर्धी.

मी भजनी बुवा. (म्हणजे एरवी काजूच्या बागेत, सवड मिळाली की पेटीवर.) आमच्याकडे डबलबारी होते. एका मंडपात दोन बुवा समोरासमोर बसून आळीपाळीने गातात आणि एकमेकांना गारद करायला बघतात. नांदगावच्या बारीसाठी मी नवाकोरा गजर रचला होता. गजर म्हणजे भजनाचा तो द्रुत भाग, जिथे सगळा मंडप डोलायला लागतो.

मुलगी तनू म्हणाली, "बाबा, आता मोठे मोठे गायक गाणी नेटवर फुकट टाकतत. नाव होता!"

"टाक!" मी म्हणालो. कला सगळ्यांची, वगैरे वगैरे.

बायको आतून कडाडली, "मी शेजारणीक आमटी दिलंय तरी वाटी परत मागतंय! आणि ह्येंका सगळा फुकट वाटूचा आसा!"

तनूने पडवीतली तालीम फोनवर टिपली आणि टाकली. मी ती परत ऐकली नाही. (स्वतःचं गाणं ऐकायला हिंमत लागते.)

बारीच्या संध्याकाळी मंडप खच्चून भरलेला. बायको पहिल्याच रांगेत. पहिली बारी विजयदुर्गकडच्या बाबलबुवांची. त्यांनी गजर धरला, आणि मी कान टवकारले.

"बुवा," माझा पखवाजवाला सदा कुजबुजला, "ह्यो तर आपलो गजर!"

चाल माझी, शब्द माझे! आता माझ्या बारीला मी काय गाऊ? हाच गायलो तर चोर, दुसरा गावा तर दुसरा तयार नाही! तेवढ्यात बाबलबुवांनी डोळे मिटले, हात वर केला आणि आर्त सूर लावला, "सुमन, कुकर बंद कर गोऽऽ!"

मागून कोरस, "बंद कर गोऽऽ!"

मी पेटीच्या आड तोंड लपवलं. तालमीत गजर रंगात आलेला असताना आतून शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या होत्या आणि मी त्याच सुरात बायकोला ओरडलो होतो. तिचं नाव सुमन!

बाबलबुवा निरूपण करू लागले, "मायबापानू, सुमन म्हणजे आपला मन! कुकर म्हणजे ह्यो देह! आत अहंकाराची वाफ! मना, बंद कर रे ह्यो कुकर!"

म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. आमच्या गावचे मात्र एकजात माझ्या बायकोकडे बघत होते.

माझी बारी आली. मी उठून चाचरत म्हणालो, "मायबापानू, तो गजर... माझो आसा."

"पुरावो काय?" मागून कोणीतरी ओरडलं.

आणि पहिल्या रांगेतून बायको उठली.

"पुरावो मी! मीच ती सुमन! आणि त्या दिवशी भात करपलो!"

मंडप असा हसला की पेटीचा सूर ऐकू येईना. बाबलबुवा स्वतः उठून आले आणि त्यांनी माझे हात धरले. "बुवा, नेटवर होतो, म्हणान घेतलंय. पण ती ओळ... ती काय लिवल्यात ओ! माका रात्रभर झोप नाय!"

मी मान खाली घालून नमस्कार केला. काय सांगणार? माझ्या आयुष्यभराच्या रचनांत एवढा खोल अर्थ त्या एकाच ओळीत निघाला, आणि नेमकी तीच मी रचलेली नव्हती, ओरडलेली होती!