आमच्या व्याह्यांचा एक शेअर

इतक्या देशांत मालकी आणि अंगावर एकच जाकीट, असा माणूस अख्ख्या कॅलगरीत आमच्या व्याह्यांशिवाय दुसरा सापडायचा नाही. जपानातली शिलाईच्या सुयांची कंपनी त्यांची, पोर्तुगालमधली बाटल्यांच्या बुचांची त्यांची, आणखी कुठल्याशा देशातली कुलपांची तीही त्यांचीच. त्यांची म्हणजे कुठं पाच शेअर, कुठं बारा. पण बोलणार असं, की जणू सकाळी कारखान्याचं दार यांनीच उघडायचं आहे. मी सातवी पास, अकोल्याला एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर. ते पुण्याच्या पोस्टातून निवृत्त, जन्मभर परदेशी पार्सलं हाताळलेले. माझ्या मुलानं त्यांची मुलगी केली, दोघांनी आम्हा म्हाताऱ्यांना इकडं बोलावलं, आणि बेसमेंटच्या एका खोलीत मी आणि आमची ही, दुसरीत व्याही असे राहू लागलो. त्यांच्या मिसेस पार दुसऱ्या प्रांतात, कोक्विटलामला, धाकटीचं बाळ सांभाळायला. त्यामुळं यांना आवरणारं घरात कुणी नव्हतं.

जी वस्तू हातात धरली तिच्याच कंपनीत पैसा घालायचा, हा त्यांचा नेम. म्हणून दिसेल ती वस्तू उलटी करायची आणि बुडाशी काय लिहिलंय ते वाचायचं. डॉलरच्या दुकानात कप उलटे, सी-ट्रेनमध्ये शेजारणीची छत्री उलटी. एका नागपूरकराकडं सत्यनारायण होता. प्रसादाची वाटी हातात आली आणि यांनी सवयीनं उलटी केली. शिरा कार्पेटवर, आणि कार्पेट पांढरं. घरची बाई बघतच राहिली. हे शांतपणे म्हणाले, "वाटी थायलंडची आहे, वहिनी. जपून वापरा." आमची ही गाडीत बसल्यापासून घर येईपर्यंत हसत होती. डोळ्यांतून पाणी काढून हसली. त्यानंतर तिला तसं हसताना मी पाहिलं नाही.

हे असले परदेशी शेअर टोरोंटोच्या मोठ्या बाजारात मिळत नाहीत. दलाल आपसांत फोनवर विचारतात, कुणाकडं आहे का, कुणी देतो का. काउंटरवरचा बाजार म्हणतात त्याला. तिकडं न्यूयॉर्कला उघडतो तेव्हा आमच्याकडं सकाळचे साडेसात. व्याही सहाला उठून बर्फ शोव्हल करून, आंघोळ करून, टाय बांधून फोनजवळ बसायचे. त्यांचा दलाल पंजाबी पोरगा. तो म्हणायचा, "अंकल, आज भी कोई बेच नहीं रहा." की यांचा चेहरा फुलला. "बघा व्याही, कुणी सोडायलाच तयार नाही."

"कुणाला ठाऊकच नसेल अशी कंपनी आहे म्हणून," मी म्हणायचो.

"अहो, गप बसा," आमची ही म्हणायची. "त्यांचं ते बघतील. तुम्ही वीस वर्षं लॉटरीची तिकिटं घेतलीत, मी बोलले का काही?"

तिचं आणि त्यांचं चांगलं जमायचं. कंपन्यांची वर्षाच्या हिशेबाची जाडजूड पुस्तकं यायची, जपानीत नाहीतर कशात तरी. दोघांना एक अक्षर कळायचं नाही. मग चहा घेऊन दोघं साहेब लोकांचे फोटो बघत बसायचे. "हा नवा चेअरमन, विहीणबाई. याला मत द्यायचंय." "डोळ्याखाली काळं आलंय हो त्याच्या. झोप होत नाही वाटतं. द्या बिचाऱ्याला." आणि व्याही खरंच फुली मारून कागद पोस्टात टाकून यायचे. पत्रंही लिहायचे. कुलूप घट्ट बसतं, बुचाचा भुगा पडतो, असलं काहीबाही. बुचवाल्यांनी एकदा उत्तर पाठवलं तर ते फ्रिजवर चार महिने लावलेलं होतं.

मग हिच्या छातीचं दुखणं निघालं. आठवड्याभरात हॉस्पिटल, आणि तोंडात नळी घालून श्वासाच्या मशीनवर. मी हात धरून बसलेला. व्याही आले, पायाशी जरा उभे राहिले, आणि मग मशीनच्या मागं गेले. गुडघ्यावर बसले, चष्मा वर केला आणि वाचायला लागले. खिशातून चिठ्ठी काढून काहीतरी लिहूनही घेतलं. उठून मला म्हणाले, "डेन्मार्कची आहे. कंपनी लहान आहे, पण चांगली असावी."

मी म्हणालो, "बाहेर व्हा."

दुसऱ्या दिवशी मी कपडे बदलायला घरी आलो होतो, तर साडेसातला भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. दलालाला तीच कंपनी सांगत होते. दहा शेअर. माझी बायको मरायला टेकलेली आणि हा माणूस तिच्या मशीनवर पैसा लावतोय. मी त्यांच्या दारात जाऊन जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते टाय नीट करत बसले.

नवव्या दिवशी ती गेली.

त्यानंतर तीन महिने आम्ही एका बेसमेंटमध्ये, एका वॉशरूमवर, एक शब्द न बोलता राहिलो. सकाळी ते दोन कप चहा करायचे आणि एक माझ्या दाराशी ठेवायचे. मी तो त्यांच्यादेखत सिंकमध्ये ओतायचो. मला जगण्यात तेवढंच एक काम उरलं होतं, आणि ते मी नेमानं करत होतो.

जानेवारीत, सगळ्या गल्लीचं टपाल येतं त्या कोपऱ्यावरच्या पेटीतून मी आमचे कागद घेऊन आलो, त्यात त्यांच्या नावाचं परदेशी पाकीट होतं. टेबलावर फेकलं. दोन दिवस ते तसंच पडून. पोस्टात जन्म घालवलेला माणूस पाकिटाकडं बघायचा आणि वाट बदलायचा. शेवटी सूनबाईनं फोडलं. मला इंग्रजी येत नाही, म्हणून तिनं मराठीत सांगितलं.

"लिहिलंय की, तुम्ही आमचे भागधारक आहात, तुमचं पत्र मिळालं. तुमच्या घरच्या बाई अमुक नंबरच्या मशीनवर आहेत, ते एकदा तपासून घ्यावं, असं तुम्ही कळवलं होतं. आमच्या माणसानं कॅलगरीला जाऊन ते मशीन तपासलं. त्यात काही दोष नाही. बाई आता बऱ्या होऊन घरी आल्या असतील अशी आशा आहे."

मशीनचा नंबर. मी जन्मभर फिटर. गाडीची तक्रार आली की आधी नंबर लिहून घ्यायचा, हे मी किती पोरांना शिकवलं असेल. नऊ दिवस त्या मशीनशेजारी बसलो आणि मागं जाऊन एकदाही पाहिलं नाही.

"आधी बोलला का नाहीत?" मी विचारलं.

व्याही म्हणाले, "बाहेरच्या माणसाचं पत्र कोण उघडतं? मालकाचं उघडावं लागतं. म्हणून घेतला. दहा मागितले होते, एकच मिळाला." मग म्हणाले, "विकू का तो? तुम्हाला त्रास होत असेल तर."

"राहू द्या," मी म्हणालो. "आणि चहा टाका."

आता बर्फ वितळायला लागलंय. त्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलंय. जगातल्या सगळ्या कारखान्यांना पत्रं लिहिणारा हा माणूस रोज कोरा कागद घेऊन बसतो आणि 'डिअर सर'च्या पुढं जात नाही. मी समोर बसतो. परवा म्हणालो, "मशीन चांगलं होतं, एवढंच लिहा."

"आणि घरी आल्या का ते विचारलंय, त्याला काय लिहू?"

मी कपातला चहा संपवला. मग उगाच तो उलटा करून पाहिला. बुडाशी काहीच लिहिलेलं नव्हतं.