रुमाल न टाकणारी वर्षा

दर्यापूरहून रोज एसटीने अमरावतीला ये-जा करायची आणि खिडकीतून सीटवर रुमाल मात्र टाकायचा नाही, अशी मी पाहिलेली एकच बाई म्हणजे वर्षा इंगळे. गाडी लागली की सगळा स्टँड खिडक्यांना झोंबतो. कुणी रुमाल फेकतं, कुणी पिशवी, कुणी डबा. वर्षा सरळ दारातून चढे, आत एकदा नजर फिरवी आणि दिसेल त्या जागेवर बसे. बहुतेक वेळा तिला जागा मिळायची. मला त्याचाही राग यायचा.

राग कसला, जळायचे मी तिच्यावर. आमची कंपनी लहान. मालक अकोल्याचे, ऑफिस अमरावतीत. तिथे मी तिच्या आधीपासून टेस्टर होते. वेबसाइटची परीक्षा घेणारे प्रोग्राम आम्ही लिहायचो. ते माणसासारखे ब्राउझर उघडतात, बटणं दाबतात आणि सगळं नीट चाललंय का ते सांगतात. मालक टेस्ट लीडची जागा काढणार होते आणि ती मलाच मिळणार, हे मी घरीदारी सांगून मोकळी झाले होते. तेवढ्यात ही आली.

तेव्हा एका ट्रॅव्हल्सवाल्याची तिकिटांची वेबसाइट आमच्याकडे होती. पडद्यावर बसच्या सीटांचा तक्ता दिसे आणि कुणी कुठूनही सीट घेतली की तो तक्ता नव्याने आखला जाई. माझी टेस्ट सीट शोधायची, दाबायला जायची आणि नेमकी तिथेच लाल होऊन पडायची, म्हणजे नापास. एरर एकच, ‘स्टेल एलिमेंट’. म्हणजे तुम्ही धरलेली वस्तू जुनी झाली. पण सीट तर डोळ्यांसमोर दिसत होती! मी टेस्टला दोन सेकंद थांबवलं, मग पाच. ती पाच सेकंद थांबून पडू लागली.

“काहून कपाळाले हात लावून बसली वं?” वर्षा खुर्ची ओढत आली. मी दाखवलं, तशी हसली.

“तू रुमाल टाकून राहिली, बाई. आमच्या स्टँडवर झालं ना असंच. लोकाईनं खिडकीतून रुमाल टाकले, दारापाशी येईपर्यंत डेपोवाल्याईनं थे गाडी नेली आन् दुसरी लावली. पाटी तेच, रंग तोच. मंग सारे आत जाऊन भांडून राहिले, माहा रुमाल कुठी गेला? अबे, थे गाडीच नाही ना हे! धरून कायले ठेवते? दाबाच्या वक्ती नवीन शोध.”

तिने सांगितलं तसं केलं आणि टेस्ट पार झाली. ऑफिसात ‘रुमाल’ हा शब्दच रूढ झाला. माझी टेस्ट पडली की येणारा-जाणारा विचारायचा, “ताई, रुमाल टाकला का?” बिनपाण्यानं हजामत होणं म्हणतात ते हेच.

माणसांच्या बाबतीतही ती तशीच. काल कडाकडा भांडलेली वर्षा आज डबा उघडून पुढे करी. “कालचं मले इचारू नको. काल काल होता.” मला असं जमत नाही. माझ्याकडे दहावीतल्या मैत्रिणीवरचा रागही अजून ताजा आहे.

तिच्या वरचढ व्हायचं म्हणून मी एक युक्ती काढली. एरर आली की सीट पुन्हा शोधायची आणि पुन्हा दाबायची, असं सगळ्या टेस्टना लावून टाकलं. सगळं हिरवंगार! मालक ट्रॅव्हल्सवाल्याला घेऊन अकोल्याहून यायचे होते, त्या दिवशी मी नवी साडी नेसून आले. वर्षा सकाळपासून माझा कोड वाचत होती.

“इकडं ये. पडद्याकडं पाह्य.”

प्रवासी एक आणि सीटा दोन! पहिल्याच दाबण्यात सीट मिळाली होती, एरर नंतर आली होती. माझ्या शहाण्या कोडने इमानदारीत ‘पहिली रिकामी सीट’ पुन्हा शोधली, आणि ती अर्थातच शेजारची होती.

“कंडक्टरबी असं नाही करत वं. लाल दिसलं का आंधी इचारावं, काम झालं का नाही झालं. मंगच हात लावावा.”

आता ही मालकांना सांगणार, असं मला वाटलं. तिने सांगितलं नाही. दोघींनी बसून दुरुस्त केलं. सीट नंबरने मागायची, जुना तक्ता जाईपर्यंत थांबायचं, आणि एरर आलीच तर सीट आपल्या नावावर लागली का ते आधी पाहायचं. पाहुणे खूश होऊन गेले. “दोघीनं मिळून केलं,” वर्षा म्हणाली. पण मालकांना डोळे होते. लीड तीच झाली. मी पेढा खाल्ला, हसून अभिनंदन केलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्यानंतर मला एकच छंद लागला. तिने लिहिलेली ओळ न् ओळ उघडायची आणि चूक शोधायची. जेवायच्या सुट्टीतसुद्धा. कधीमधी सापडायची. मी चारचौघांत दाखवायची. “हाव वं, चुकलंच,” म्हणून ती दुरुस्त करून टाकायची, आणि माझी सगळी मजा जायची.

मग तिला पुण्याच्या मोठ्या कंपनीत नोकरी लागली, तीही घरून काम करायची. पुण्याला गेली असती तर तिथे हाल होतात म्हणून मी समाधान मानलं असतं. ही दर्यापूरला राहून, आईच्या हातचं खाऊन पुण्याचा पगार घेणार! त्याच आठवड्यात मालकांनी मला बोलावलं. लीडची जागा तुमची, वर्षानेच तुमचं नाव सुचवलं, म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. मी तरातरा जिन्यात तिला गाठलं.

“माह्यावर उपकार कायले केला वं?”

“उपकार?” ती थांबली. “बाकीचे माह्या कामाची तारीफ करत. वाचे कोणीच नाही. तू जळे, म्हणून तूच वाचे. जळता जळता सारं शिकून गेली तू. दुसऱ्या कोणाले सांगू मंग?”

एवढं म्हणून ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा. तिला गाडी गाठायची होती.

तिच्या टेस्ट आमच्याकडे अजून चालतात. ऑफिसातले बाकीचे त्यांना हात लावायला भितात. मी मात्र अधूनमधून त्या उघडून बसते आणि वरपासून खालपर्यंत वाचते. चूक सापडत नाही. पोटात दुखतं, आणि मी पुन्हा वरून वाचायला लागते.