बाणाखालची पट्टी

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या धनुर्विद्येच्या क्लबात पहिलं कंपाउंड धनुष्य आलं. एका सभासदाच्या परदेशातल्या भावाने ते पाठवलं होतं. आम्ही सगळे बांबूच्या धनुष्यावर शिकलेले. याच्या दोन्ही टोकांना चाकं बघून आम्हाला शिकवणारे सर म्हणाले, "हे ओढायचं की विहिरीवर बसवायचं?"

ते सर्वांत आधी मला झेपलं, म्हणून माझ्याकडे आलं. पण आठवड्यातच बाण टेकवायची प्लास्टिकची छोटी दांडी मोडली. तशी दांडी इथे मिळणार कुठे? सीताबर्डीतल्या खेळाच्या दुकानदाराने, ती नाही, हवी तर कॅरमची पावडर घेऊन जा, असं सांगितलं.

माझे मामा कळमेश्वरच्या एका कारखान्यात फिटर होते. ते म्हणाले, "एवढ्यासाठी रडून काहून राहिली वं? मी देतो ना बनवून."

दोन दिवसांनी त्यांनी पोलादाची पट्टी आणली. जाड, चकचकीत, काटकोनात वाकवलेली. तिच्यावर बाणच काय, पाण्याचा माठही टेकला असता.

मी पहिला बाण सोडला. खर्रर्र आवाज झाला, बाण शेपूट हलवत माशासारखा पोहत गेला आणि कडेला लावलेल्या सरांच्या सायकलच्या सीटमध्ये घुसला.

सर म्हणाले, "सायकलने काय बिघडवलं होतं तुमचं?"

पट्टी कशी चालते ते बघायला आलेले मामा शांतपणे म्हणाले, "पट्टीत खोट नाही. पोरीचा हात हालते."

मला संताप आला. माझा हात! सरांनी एका चौकटीवर वर्तमानपत्र ताणून चार पावलांवर उभं केलं आणि मला त्यातून बाण मारायला लावलं. सरळ गेलेला बाण कागदाला गोल भोक पाडतो. माझ्या बाणाने बातमी आडवी फाडली. पुन्हा मारला, पुन्हा तसंच.

"पाहा, हात हालते," मामा म्हणाले.

मग मी घरून कुंकवाची डबी आणली, मामांच्या पट्टीला कुंकू फासलं आणि बाण सोडला. बाण उपटून आणला तर शेपटीच्या खालच्या पिसावर लालभडक रेघ. पीस पट्टीवर आपटत होतं, म्हणून शेपूट बाजूला फेकलं जात होतं.

"मामाजी, आता सांगा, कोण हालते?"

मामांनी ते पीस उन्हात धरून दोनदा पाहिलं. आपली सायकल काढून ते तडक निघून गेले. मला वाटलं, रागावले.

रविवारी ते हजर. इतवारीच्या बाजारातून जुन्या घड्याळाची स्प्रिंग आणून त्यांनी तिचा पातळ तुकडा कापला होता, टोकाला बोटांसारखे दोन दाते ठेवून मधे फट सोडली होती. "पीस आता या फटीतून निघते," ते म्हणाले, "अन् तरी लागलंच, तर पट्टी वाकते. जिथं तिथं ताठ उभं राहून चालत नाही, हे मले आता समजलं."

मी बाण मारला. आवाज नाही. कागदात गोल भोक, कडेला पिसांच्या तीन चिरा. सर टाळ्या वाजवायला लागले.

जिल्ह्याच्या स्पर्धेत कंपाउंडचा गटच नव्हता. शेवटी नुसतं दाखवायला म्हणून मला तीन बाण मारू दिले. तिन्ही निशाण्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळात लागले. मी वळून पाहिलं, तर मामा अनोळखी लोकांच्या घोळक्यात उभे राहून हातवारे करत सांगत होते, "पोरीचं काही नाही गा, सारी कमाल पट्टीची आहे!"